जुनी शिडाची बोट घेण्यापूर्वी बिल्ज आणि कील बोल्ट कसे तपासावेत

जुनी शिडाची बोट पाहायला गेलेला माणूस सहसा आधी डेकवर चढतो, शिडे उलगडून पाहतो, इंजिन सुरू करायला लावतो आणि आतल्या गाद्यांची अवस्था पाहून किमतीचा अंदाज बांधतो. यांतली प्रत्येक वस्तू पैसे खर्च करून बदलता येते. बोटीच्या पोटाखाली लटकणारी शिशाची किंवा बिडाची कील आणि तिला बोटीशी बांधून ठेवणारे बोल्ट यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथल्या दुरुस्तीचा खर्च लहान बोटीच्या किमतीलाही गाठू शकतो आणि तिथला दोष समुद्रात उघड झाला तर बोट काही क्षणांत उलटते. अडचण अशी की बोल्टचा जो भाग कुजतो तोच नेमका दिसत नाही. आतून नट दिसतो, बाहेरून रंगवलेली कील दिसते, आणि झीज होते ती या दोहोंच्या मधल्या सांध्यात. म्हणून तपासणी बोल्टपासून सुरू करू नये. ती बिल्जपासून सुरू करावी, तिथल्या पाण्याचा उगम शोधावा आणि मग नटांकडे वळावे.

बिल्ज म्हणजे पायाखालच्या फळ्यांच्याही खालची, बोटीच्या तळातली सखल जागा, जिथे आत शिरलेले सगळे पाणी अखेर येऊन थांबते. जहाजाच्या तळाच्या कण्याला आपल्याकडे पठाण हा जुना शब्द आहे; पण त्या लाकडी कण्याचे आणि आजच्या यॉटच्या कीलचे काम वेगळे आहे. पठाण ही बोटीची पाठ असते. आजची फिन कील हे तळाला बाहेरून जोडलेले वजन असते, आणि ते जोडलेले आहे याच कारणाने ते सुटूही शकते. पुढचे विवेचन मुख्यतः साधारण २२ ते ३५ फूट लांबीच्या, फायबरग्लासच्या आणि बोल्टने जोडलेली फिन कील असलेल्या बोटींना लागू आहे.

केव्हा पाहावी

मुंबई आणि कोकण किनाऱ्यावरच्या बहुतेक हौशी बोटी मेच्या अखेरीस पाण्याबाहेर काढून पावसाळाभर किनाऱ्यावर ठेवल्या जातात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा पाण्यात सोडल्या जातात. खरेदीदाराने शक्य असेल तर मे महिन्याचा मुहूर्त साधावा, कारण तेव्हा तीच बोट आधी तरंगताना, मग क्रेनच्या पट्ट्यांत लटकताना आणि शेवटी ठोकळ्यांवर टेकलेली, अशा तिन्ही अवस्थांत पाहता येते, आणि यांपैकी प्रत्येक अवस्था वेगळी माहिती देते. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर उभी असलेली बोट पाहणाऱ्याला बिल्जमध्ये पावसाचे पाणी दिसते आणि बोटीच्या संपूर्ण वजनाखाली घट्ट मिटलेला कीलचा सांधा दिसतो. त्या दोन्हींवरून खात्रीचे काहीच ठरवता येत नाही.

बोट पाहायला येण्याचा दिवस ठरवताना मालकाला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे की बिल्ज साफ करू नये आणि पंप चालवून ती कोरडीही करू नये. बहुतेक मालक चांगल्या हेतूनेच आदल्या दिवशी बिल्ज धुऊन ठेवतात आणि त्याबरोबर सगळा पुरावाही धुतला जातो. बाकी बोट मळकी असताना बिल्जला मात्र नुकताच पांढरा रंग दिलेला असेल, तर तो रंग कधी आणि कशासाठी दिला हे विचारावे. उत्तर समाधानकारक असू शकते, पण प्रश्न विचारलाच पाहिजे. बोटीची रोजची देखभाल करणारा तांडेल भेटला तर त्याच्याशी थोडा वेळ बोलावे. पंप दिवसातून किती वेळा चालतो हे मालकापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते.

पाणी कुठले आहे

बिल्जमध्ये पाणी आहे एवढ्यावरून बोट वाईट ठरत नाही. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट, म्हणजे दांडा, जिथून बाहेर पडतो तिथे जुन्या पद्धतीची दोरीची पॅकिंग असेल, तर शाफ्ट फिरत असताना तिथून थेंब थेंब पाणी येणे हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले असते. डोलकाठी डेकमधून आरपार जाऊन कीलवर टेकत असेल, तर पावसाचे पाणी तिच्या पोटातून खाली उतरते. शिडांच्या तारा जिथे डेकला बांधल्या जातात त्या पट्ट्यांभोवती, खिडक्यांच्या कडांना, गोड्या पाण्याच्या टाकीच्या नळजोडांत आणि बर्फपेटीच्या निचऱ्यातही गळती असू शकते. तेव्हा पहिला प्रश्न पाणी खारे की गोडे, हा आहे.

बिल्जचे पाणी जिभेवर ठेवून पाहू नये, कारण त्यात डिझेल, तेल आणि कधीकधी संडासाच्या नळीतली घाणही असते. एक साधा घरगुती उपाय आहे. पाण्यावर तेलाचा तवंग नसेल तर शंभर मिलिलिटर पाणी बाटलीत घेऊन यावे आणि स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या एखाद्या भांड्यात, मोकळ्या हवेत, आटवावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तेवढ्या पाण्याचा तळाशी तीन-साडेतीन ग्रॅम पांढरा थर उरतो. नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याचा फक्त पुसट डाग राहतो. मधलेच काही उरले तर दोन्ही प्रकारचे पाणी मिसळलेले आहे असे समजून शोध चालू ठेवावा.

पाणी खारे निघाले की ते कोणत्या वाटेने येते हे शोधायचे. बोट तरंगत असतानाच बिल्ज स्पंजने पूर्ण टिपून घ्यावी, जुन्या सुती कापडाने कोरडी करावी आणि प्रत्येक कील बोल्टच्या नटाभोवती, तसेच शाफ्टच्या आणि समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपांच्या भोवती, टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरावा. तासाभराने टॉर्च घेऊन परत पाहावे. कोरड्या पावडरीत ओलाव्याची वाट स्पष्ट उमटते. एखाद्या नटाभोवती ओले कडे तयार झाले असेल, तर त्या बोल्टच्या छिद्रातून समुद्र वर येत आहे. याचा अर्थ कील आणि तळ यांच्यामधली फट बुजवणारे सीलंट निकामी झाले आहे आणि बोल्टची कंबर किती काळापासून कोण जाणे खाऱ्या पाण्यात भिजत आहे. तासाभरात काही दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. शक्य असल्यास बोट वाऱ्यावर कलवून तासभर चालवावी आणि परतल्यावर तीच पावडर पुन्हा पाहावी, कारण काही सांधे बोट कलली की मगच उघडतात.

याच वेळी बिल्जच्या भिंतींवर आणि कपाटांच्या आतल्या बाजूंवर पाण्याच्या जुन्या पातळीच्या रेषा दिसतात का ते पाहावे. फळ्यांच्या वर गेलेली तेलकट रेषा म्हणजे ही बोट कधीतरी आतून चांगलीच भरली होती. पाणी चढले की पंप सुरू करणारा फ्लोट स्विच हाताने उचलून पंप चालतो का पाहावे, पाणी खरोखर बाहेर पडते का हे बाहेर जाऊन पाहावे आणि हातपंपही चालवून पाहावा. पंपाबाबत एवढे पुरे, कारण पंप हजारो रुपयांचा असतो आणि कीलचा खर्च लाखांत जातो.

नट, वॉशर आणि त्यांखालचा तळ

आता नटांकडे यावे. प्रत्येक नट मोजावा आणि सगळे सापडले का याची खात्री करावी. एखादा टाकीखाली किंवा डोलकाठीच्या पायाखाली दडलेला असतो आणि जिथे हात पोहोचत नाही तिथला बोल्ट कोणीच कधी तपासलेला नसतो. नटावरचा वरवरचा तांबूस डाग तारेच्या ब्रशने निघून खाली स्वच्छ धातू दिसला तर फारशी काळजी नाही. नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला असेल, पापुद्रे सुटत असतील किंवा नटाच्या बुडातून तपकिरी ओघळ येऊन तो पुसल्यावर काही दिवसांत परत येत असेल, तर गंज खालून येत आहे. तो ओघळ माझ्या मते सर्वांत बोलकी खूण आहे, कारण पाण्याला आत येण्याची वाट असल्याशिवाय तो तयार होत नाही.

स्टेनलेस स्टीलविषयी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. हे पोलाद गंजत नाही ते त्यावर हवेतल्या प्राणवायूमुळे तयार होणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडच्या अदृश्य थरामुळे. तो थर ओरखडला तरी प्राणवायू असेपर्यंत पुन्हा भरून येतो. कीलच्या सांध्यात मात्र पाणी असते, मीठ असते, आणि साचलेल्या त्या पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. अशा फटीत तो थर पुन्हा बनत नाही आणि स्टेनलेस बोल्टला एका जागी खोल खड्डे पडत जातात. मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ जातीचे पोलाद ३०४ पेक्षा अधिक काळ तग धरते, पण तेही सुटत नाही. म्हणूनच वरून चकचकीत दिसणारा नट आणि खाली निम्म्या जाडीचा उरलेला बोल्ट एकाच वेळी असू शकतात, आणि आपल्या उबदार समुद्रात ही क्रिया थंड पाण्यापेक्षा वेगाने होते.

मग असा बोल्ट तुटत का नाही? थोडा हिशेब करून पाहू. कील १,२०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य सांध्याच्या ६० सेंटिमीटर खाली आहे, आठ बोल्ट दोन रांगांत आहेत आणि बोट पूर्ण आडवी झाली आहे असे समजा. वरच्या रांगेपासून कीलच्या समोरच्या कडेपर्यंतचे अंतर १५ सेंटिमीटर धरले, तर वरच्या रांगेतल्या चार बोल्टांवर मिळून सुमारे ४,८०० किलोची ओढ येते, म्हणजे प्रत्येकी १,२०० किलो. चांगल्या प्रतीचा २० मिलिमीटरचा निरोगी स्टेनलेस बोल्ट कायमचा ताणला जाण्यापूर्वी दहा-अकरा टन ओढ सोसतो. तो कुजून मध्ये १० मिलिमीटरचा उरला तरी कागदावर साडेतीन टन सोसेल. इतकी मोठी राखीव ताकद असल्यामुळे सडलेला बोल्ट वर्षानुवर्षे गुपचूप काम करत राहतो, आणि खडकावर आदळण्याचा धक्का किंवा लाटांमागून लाटांनी येणारा थकवा त्याचा शेवट करतो. एवढी वर्षे काही झाले नाही, हे मालकाचे म्हणणे खरे असते. त्याने सिद्ध मात्र काही होत नाही.

नटाखालचे वॉशर किंवा पट्टी जाड आणि रुंद असावी. पातळ वॉशर वाटीसारखे वाकून फायबरग्लासमध्ये रुतलेले दिसले, तर तिथला तळ दबत आहे. नटापासून ताऱ्याच्या किरणांसारख्या निघालेल्या बारीक भेगा, नटाभोवतीचा फिकट किंवा दुधी झालेला फायबरग्लास, आणि पेचकसाच्या मुठीने हलके ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी येणारा बद्द आवाज ही त्याच दोषाची पुढची लक्षणे आहेत. काही जुन्या बोटींत तळाच्या या भागात प्लायवूड गाडलेले असते. ते कुजले की नट कितीही आवळला तरी काही दिवसांत पुन्हा सैल होतो, कारण त्याखालचे लाकूडच दबत जाते. मुंबईच्या हार्बरमध्ये ज्यांच्या शर्यती होतात त्या जे-२४ जातीच्या बोटींची कथा वेगळी आहे. त्यांचे उत्पादन १९७७ मध्ये सुरू झाले, आणि सुरुवातीच्या काळातल्या बोटींत कीलच्या वरचा खळगा व्हर्मिक्युलाइट हे हलके खनिज मिसळलेल्या रेझिनने भरलेला असे. ते मिश्रण पाणी शोषते. जाणकार मालक ते खोदून काढतात आणि तिथे भक्कम फायबरग्लास भरतात. जुनी जे-२४ घेताना हे काम झाले आहे का, हा पहिल्या पाच प्रश्नांतला प्रश्न असावा.

आतला सांगाडा

कीलचा भार बोल्टवरून थेट बोटीच्या कवचावर जात नाही. तो आधी तळातल्या आडव्या आणि उभ्या पट्ट्यांच्या जाळीवर जातो आणि ती जाळी तो पसरवते. अनेक कारखानी बोटींत ही जाळी वेगळी साच्यात घडवून नंतर तळाला चिकटवलेली असते. ती तळापासून सुटली तर सगळे बोल्ट नवे असूनही बोट धोक्याची असते. २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफीकी ही ब्रिटिश यॉट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना उत्तर अटलांटिकमध्ये बुडाली आणि तिच्यावरचे चारही खलाशी गेले. नंतर तिचे उलटे कवच सापडले तेव्हा त्याला कील नव्हती. ब्रिटिश सागरी अपघात तपास यंत्रणेच्या अहवालात, पूर्वी तळ टेकल्याच्या घटना आणि त्यांनंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने कील जिथे जोडली जाते तिथली रचना कमकुवत झाली असण्याची शक्यता मांडली गेली. जाळी तळापासून सुटलेली नुसत्या नजरेला सहज कळत नाही, हेही त्या अहवालाने दाखवून दिले.

त्यामुळे जाळी आणि तळ जिथे मिळतात त्या कडेने टॉर्च तिरपी धरून पाहावे. केसाएवढी काळी रेषा दिसली तर तिच्यात पातळ पत्रा किंवा फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकते का पाहावे. पट्ट्यांमध्ये पाणी वाहण्यासाठी ठेवलेल्या छिद्रांच्या कोपऱ्यांत भेगा आधी पडतात, म्हणून तिथे हाताचे बोट फिरवून पाहावे. सर्वांत जास्त वेळ कीलच्या मागच्या टोकाच्या वरच्या भागात घालवावा. चालती बोट खडकाला धडकली की कीलचे खालचे टोक मागे ढकलले जाते, त्यामुळे सांध्याची पुढची कड खाली ओढली जाते आणि मागची कड तळात वर घुसते. म्हणजे धडकेची खूण आत शोधायची ती मागे, आणि बाहेर शोधायची ती पुढे. मागच्या आडव्या पट्टीला ओठ सुटल्यासारखी भेग, तिथे नंतर चढवलेला वेगळ्या रंगाचा फायबरग्लास किंवा वरचे दार नीट न मिटणे, यांपैकी काहीही आढळले तर मालकाला धडकेविषयी विचारावे आणि दुरुस्तीची कागदपत्रे मागावीत. भरती-ओहोटीत मऊ गाळावर अलगद टेकलेली बोट ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या खाड्यांत ते नेहमीचेच आहे आणि त्याने सहसा इजा होत नाही.

क्रेनच्या पट्ट्यांत

बोट उचलली जात असताना जवळ असावे, मात्र तिच्याखाली जाऊ नये. अधांतरी बोटीची कील स्वतःच्या वजनाने खाली ओढत असते, त्यामुळे सांधा उघडायचा असेल तर याच वेळी उघडतो. कील आणि तळ यांच्या मिलनरेषेवर पुढच्या कडेला हसऱ्या तोंडासारखी भेग दिसते. एका अमेरिकन बनावटीच्या बोटींवरून तिला कॅटलिना स्माइल असे टोपणनाव पडले आहे, पण ती कोणत्याही बोटीत आढळते. वरच्या भरावाची नुसती बारीक रेषा ही बऱ्याचदा दोन वेगळ्या पदार्थांच्या कमी-जास्त लवचीकपणामुळे येते. ती रेषा बोट खाली ठेवल्यावर मिटत असेल, तिच्यातून बोट उचलल्यानंतर तासन्‌तास पाणी झिरपत असेल किंवा त्या पाण्याला गंजाचा रंग असेल, तर ती बाब गंभीर आहे. बोट ठोकळ्यांवर नीट आधाराने उभी केल्यानंतर, यार्डच्या परवानगीने, कीलच्या मागच्या कडेला हाताने आडवा धक्का द्यावा आणि दुसऱ्या माणसाने सांध्याकडे पाहत राहावे. तिथे कसलीही हालचाल दिसता कामा नये. सांध्याभोवती नुकताच लावलेला भराव आणि बाकी तळावर जुना रंग, अशी जोडी दिसली तर खरवडून पाहण्याची परवानगी मागावी.

बिडाची कील गंजते, तिच्यावर फोड येतात आणि ते दिसायला भयंकर असले तरी बहुतेक वेळा घासून रंगवण्याचे काम असते. शिशाची कील गंजत नाही आणि मऊ असल्याने धक्का स्वतःत काही प्रमाणात जिरवते. पण तिचे बोल्ट बऱ्याचदा ओतीव शिशातच वाकवून रोवलेले असल्यामुळे बाहेर काढता येत नाहीत. बिडाच्या कीलमध्ये आटे पाडून बसवलेला किंवा आरपार गेलेला बोल्ट तज्ज्ञाच्या हाताने एक एक करून काढता येतो. ज्या बोटींत वजन फायबरग्लासच्या आतच बंद केलेले असते त्यांना कील बोल्ट नसतात. तिथे तळाची झीज आणि आत साठलेले पाणी एवढेच पाहावे. लाकडी बोटीत कीललगतच्या फळीची शिवण हा दुखरा भाग असतो. मुंबईत सागवानात बांधलेली सुहेली १९६८-६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने आणि न थांबता जगाभोवती नेली, आणि त्या प्रवासाच्या सुरुवातीलाच याच शिवणीतून पाणी येऊ लागल्याने त्यांना भर समुद्रात पाण्याखाली उतरून ती बुजवावी लागली होती.

चाचण्या आणि सौदा

खरेदीदाराने स्वतः पाना घेऊन नट आवळू नयेत. बोट अजून त्याची नाही, आणि कुजलेला बोल्ट जोराखाली तुटू शकतो. सर्व्हेअरने, म्हणजे बोटींची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने, मालकाच्या संमतीने, बोट बांधणाऱ्याने दिलेल्या मापानुसार, आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने तपासणी केली, तर सैल नट सापडतो. मात्र घट्ट नटाने खालच्या बोल्टची जाडी कळत नाही. अल्ट्रासाउंड चाचणी सरळ बोल्टचा वरचा माथा घासून सपाट केल्यावर उपयोगी पडते आणि आतली भेग किंवा झीज दाखवू शकते. वाकवलेल्या बोल्टच्या वळणापलीकडे तिचा भरवसा नाही. एक्स-रेही काढता येतो, पण लहान बोटीसाठी तो खर्च क्वचितच परवडतो. बिडाच्या कीलमध्ये सर्वांत वाईट दिसणारा एक बोल्ट काढून पाहणे ही माझ्या मते पैशाच्या मानाने सर्वांत चांगली चाचणी आहे. शेवटचा आणि निर्विवाद उपाय म्हणजे कील उतरवणे, सांधा साफ करणे आणि नवे सीलंट घालून ती परत बसवणे.

वीस-पंचवीस वर्षांत कील एकदाही उतरवलेली नसेल, सांध्यातून पाणी येत असेल आणि मालकाकडे कागद नसेल, तर कील उतरवण्याचा खर्च यार्डकडून लेखी मागवावा आणि तो किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. विसाराच्या रकमेच्या पावतीत, बोट उचलल्यावर सांध्यात, बोल्टांत किंवा जाळीत दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल असे स्पष्ट लिहून घ्यावे. मालक त्याला तयार नसेल तर दुसरी बोट पाहावी. सौदा पूर्ण झाल्यास पाण्यात सोडण्यापूर्वी प्रत्येक नटावर आणि त्यालगतच्या तळावर मिळून पक्क्या मार्करने एक सरळ रेष ओढावी, क्रमांक टाकावा आणि छायाचित्र घेऊन ठेवावे. पुढच्या मे महिन्यात बोट बाहेर येईल तेव्हा रेषा सरकली आहे का, आणि तिच्याखालून नवा ओघळ आला आहे का, हे त्या छायाचित्राशी ताडून पाहता येते.